धाकाचा अभ्यास

(मंडळाच्या वर्धापनदिनी झरी येथे दिलेले भाषण)



वर्धापनदिनाचे व्याख्यान म्हटले म्हणजे त्याचा विषय साधारण ठरलेला असतो. मुलांचा आहार, बचतगटाची कर्जे, मुलींचे शिक्षण. हे सगळे विषय चांगले आहेत आणि त्यांवर माझ्याहून अधिक जाणत्या बायांनी आपल्यापुढे भाषणे केली आहेत. माझ्या विषयाचे नाव फळ्यावर लिहिताना आपल्या चिटणीसबाईंचा खडू मात्र दोनदा थांबला. "अण्वस्त्रांचा धाक विद्यापीठात कसा शिकवतात" हे झरीच्या महिला मंडळात बोलण्यासारखे आहे का, असे त्यांना वाटले असेल. त्यांनी मनाचा मोठेपणा दाखवून ते लिहिले, याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

हा विषय मला का सुचला, ते आधी सांगते. आपल्याच एका पाड्यावरची मुलगी यंदा बी. ए. झाली. तिचे नाव मी घेत नाही. ती इथेच कुठेतरी मान खाली घालून बसली असेल. तिला पुण्यास जाऊन संरक्षण व सामरिकशास्त्र या विषयात एम. ए. करावयाचे आहे. गेल्या महिन्यात पिठाच्या गिरणीवर तिच्या आजीची आणि माझी गाठ पडली. आजी म्हणाली, "बाई, तुम्ही शिकलेल्या. पोरीने बॉम्बचा अभ्यास करायचा म्हणजे काय करायचे? शिकून ती काय बॉम्ब करणार, की टाकणार?" मी उत्तर द्यायला तोंड उघडले, तेवढ्यात तिचे दळण झाले आणि ती डबा घेऊन निघून गेली. खरे सांगायचे तर मला हायसे वाटले. कारण तीस वर्षे महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवूनही तिला पटेल असे उत्तर माझ्याजवळ तयार नव्हते. ते जुळवण्याचा आज मी प्रयत्न करणार आहे.

पहिली गोष्ट ही, की या अभ्यासात बॉम्ब कसा करतात हे शिकवत नाहीत. ते काम भौतिकशास्त्राचे, आणि तेही मोजक्या बंद दारांआडचे. इथे शिकवतात तो धाक. पुस्तकात त्याला प्रतिरोधन असा भारदस्त शब्द आहे. पण आपला धाक हा शब्द त्याहून अचूक आहे. अमुक कराल तर तमुक भोगाल, असे दुसऱ्याच्या मनावर ठसवून त्याला ते करण्यापासून रोखणे, म्हणजे धाक. यात हाणामारी होत नाही. हाणामारी झाली, म्हणजे धाक फसला असे समजावे.

आता धाक म्हणजे काय, हे झरीच्या माणसांना पुण्यादिल्लीच्या प्राध्यापकांनी शिकवावे असे मुळीच नाही. २३ मे १९४५ रोजी याच गावी, तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यात, गोदावरीबाई आणि शामराव परुळेकर यांच्या पुढाकाराने किसान सभेची परिषद भरली. हजारो वारली स्त्रीपुरुष डोंगरपाड्यांवरून चालत आले आणि यापुढे वेठ करणार नाही, लग्नगडी राहणार नाही, असे ठरवून परत गेले. लग्नासाठी घेतलेल्या थोडक्या पैशांपायी नवराबायकोने जन्मभर जमीनदाराच्या घरी राबायचे, ही लग्नगड्याची चाल. तिला कोणते सैन्य लागत होते? जमीनदार थोडे, आणि राबणारे हजारो. तरी ती चालली, कारण एकाला खांबाला बांधून मारले की शंभरांच्या मनात भीती बसत असे. प्रत्येकाला रोज मारावे लागत नव्हते. मारता येते आणि मारतील, एवढे सगळ्यांना ठाऊक असणे पुरे होते. परिषदेनंतर तो धाक ओसरला. जमीनदारांजवळची साधने तीच होती. बदलले ते भिणाऱ्यांचे मन. गोदावरीबाईंनी हे सारे 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिले आहे. ज्या घरी ते नसेल त्यांनी माझ्याकडून न्यावे, मात्र परत आणून द्यावे.

या परिषदेनंतर अडीच महिन्यांनी, ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर आणि ९ ऑगस्टला नागासाकीवर अणुबॉम्ब पडला. हिरोशिमात त्या वर्षअखेर सुमारे एक लाख चाळीस हजार आणि नागासाकीत सुमारे सत्तर हजार माणसे दगावली. म्हणजे ज्या वर्षी झरीत एक जुना धाक मोडला, त्याच वर्षी जगात एक नवा धाक जन्मास आला. तिथी अशा जुळल्या हा केवळ योगायोग आहे. पण विषय समजावून घ्यायला तो मला फार उपयोगी पडला.

पुढच्याच वर्षी, १९४६ साली, बर्नार्ड ब्रोडी नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने एक विचार मांडला. आजवर सैन्याचे काम युद्ध जिंकण्याचे होते, यापुढे ते युद्ध टाळण्याचे असले पाहिजे, असे त्याचे म्हणणे. या शास्त्राचा पाया त्या एका वाक्यावर उभा आहे. नंतर टॉमस शेलिंग आले. ते अर्थशास्त्रज्ञ. बाजारात घासाघीस कशी होते, तशीच राष्ट्रांत धमक्यांची घासाघीस कशी होते, हे त्यांनी मांडले; त्यांना २००५ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

वर्गात पहिल्या आठवड्यात सांगतात, की धाकाला तीन गोष्टी लागतात. एक, इजा करण्याची ताकद. दुसरी, ती वापरण्याचा निश्चय. तिसरी, या दोन्ही गोष्टी समोरच्याला नीट कळणे. तिन्हींतली एक जरी उणी पडली तरी धाक लटका पडतो. सासूने सुनेला नुसते डोळे वटारून दाखवले आणि सुनेचे लक्षच नव्हते, तर काय उपयोग? (हशा.) हसू नका, शेलिंग यांचे अर्धे पुस्तक याच प्रश्नावर आहे.

मग एक प्रसिद्ध उदाहरण येते. मी ते आपल्या रस्त्यावर आणून सांगते. पावसाळ्यात ओढ्यावरच्या अरुंद पुलावर दोन बाजूंनी दोन टेंपो भरधाव येत आहेत. जो आधी बाजूला घेईल तो भित्रा. कोणीच न घेतले तर दोघेही मेले. यात जिंकायचे कसे? हर्मन कान या अभ्यासकाने एक अघोरी युक्ती सांगितली आहे: समोरच्याला दिसेल अशा रीतीने आपले सुकाणूचे चाक उपटून खिडकीबाहेर फेकून द्यावे. आता मला वळताच येत नाही, तेव्हा तूच वळ! मी हे वर्गात सांगितले की मुले टाळ्या वाजवत. एका मुलीने मात्र विचारले होते, "बाई, आणि टेंपोत मागे बसलेल्या माणसांना कोणी विचारले का?" हा प्रश्न लक्षात ठेवा, मी त्याच्याकडे परत येणार आहे.

आपल्या देशात हा अभ्यास कसा रुजला? १९६२ चे चीनचे युद्ध झाले, १६ ऑक्टोबर १९६४ रोजी चीनने अणुस्फोट केला, आणि बॉम्ब करावा की करू नये यावर आपल्याकडे मोठा वाद पेटला. आपले यशवंतराव चव्हाण तेव्हा संरक्षणमंत्री होते. या गोष्टींचा विचार केवळ सेनाधिकाऱ्यांवर न सोपवता अभ्यासकांनीही करावा, म्हणून नोव्हेंबर १९६५ मध्ये दिल्लीत संरक्षण अध्ययनाची एक संस्था निघाली. तिला आज गोव्याच्या मनोहर पर्रीकरांचे नाव आहे. विद्यापीठांतूनही हा विषय वाढला. पुण्यास संरक्षण व सामरिकशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात निःशस्त्रीकरणाचा अभ्यास आहे. मुंबई विद्यापीठाच्या राज्यशास्त्राच्या विभागातही आंतरराष्ट्रीय राजकारणाच्या अंगाने हे सारे येते. म्हणजे आपली मुलगी काही आडवाटेने निघालेली नाही. तिच्याआधी पुष्कळांनी हा रस्ता तुडवला आहे.

तिथे काय काय शिकवतात? प्रथम सिद्धान्त, ते मी सांगितले. मग प्रसंग. १९६२ च्या ऑक्टोबरात क्यूबावरून अमेरिका आणि रशिया समोरासमोर आले, त्या तेरा दिवसांचा हिशेब दिवसागणिक करतात. मग आपल्या देशाचे धोरण. १८ मे १९७४ ला पोखरणला पहिला स्फोट झाला, ११ आणि १३ मे १९९८ ला पुढचे; आणि ४ जानेवारी २००३ रोजी सरकारने आपले अण्वस्त्र धोरण जाहीर केले. त्याचे सार असे: आपण होऊन प्रथम वापर करणार नाही, शस्त्रे पुरेशी, पण नेमकीच ठेवू, आणि आपल्यावर कोणी टाकलाच तर असा प्रतिटोला देऊ की सोसवणार नाही. प्रथम वापर नाही म्हटले की पहिला घाव सोसूनही आपली शस्त्रे शिल्लक राहिली पाहिजेत. म्हणून ती समुद्रात पाणबुडीवरही ठेवायची. घरचा कुत्रा कुठे झोपतो ते चोराला कळू नये, तसे हे आहे.

आणि मग शब्दांचा कीस. २०१६ साली पर्रीकर संरक्षणमंत्री असताना बोलता बोलता म्हणून गेले, की प्रथम वापर नाही असे स्वतःला बांधून कशाला घ्यायचे. हे आपले वैयक्तिक मत, असाही त्यांनी खुलासा केला. त्या एका उद्गारावर देशोदेशी लेख लिहिले गेले. धोरण बदलले का? तोंडून निसटले का? की मुद्दाम निसटू दिले? मंत्र्याचे मत आणि देशाचा निरोप यांत फरक कसा ओळखावा, हे विद्यार्थ्याला शिकवावे लागते.

शेवटी प्रात्यक्षिक. मुलांचे गट पाडून एकाला भारत, एकाला चीन, एकाला पाकिस्तान करतात. अर्ध्या अर्ध्या तासाने नवी बातमी हाती देतात आणि आता काय करता ते सांगा म्हणतात. अशा खेळात शांत स्वभावाची मुलेही पाहता पाहता कशी चढतात, हे पाहण्यासारखे असते.

भगिनींनो, आता मला माझ्या एका चुकीची कबुली द्यायची आहे. किनाऱ्याकडच्या एका महाविद्यालयात मी हा विषय शिकवीत असे. म्हणजे अभ्यासक्रमातले एक प्रकरण. माझ्या टाचणांत दोन महासत्ता होत्या, दोन पारडी होती, आणि पारडी समान म्हणून जग शांत होते. १९९१ च्या डिसेंबरात सोव्हिएत संघ विसर्जित झाला, तरी माझी टाचणे पुढची सात वर्षे तशीच होती. ग्रंथालयातले पुस्तक जुने, प्रश्नपत्रिका जुन्या, आणि मीही आळशी. जून १९९८ मध्ये, पोखरणच्या दुसऱ्या स्फोटांना महिनाही झाला नव्हता, तळासरीकडून येणारा एक मुलगा वर्गात उभा राहिला. म्हणाला, "बाई, धाकामुळे युद्ध झाले नाही, हे कशावरून? आमच्याकडे गावदेवाला नारळ ठेवतात आणि मग पाऊस पडतो. नारळामुळेच पडला, असे तुम्ही म्हणू देत नाही. मग हे कसे म्हणता?" वर्ग हसला. मी म्हटले, "हे परीक्षेत विचारत नाहीत. खाली बस."

तो खाली बसला, आणि पुढे त्याने वर्गात कधी काही विचारले नाही. दुसऱ्याच वर्षी, १९९९ च्या उन्हाळ्यात, कारगिल झाले. दोन्ही देशांजवळ बॉम्ब होता, दोन्ही देशांनी तो वर्षापूर्वीच जगाला दाखवला होता, आणि तरी युद्ध झाले. मोठे युद्ध होणार नाही या भरवशावर लहान युद्ध करण्याचे धाडस वाढते, असे या शास्त्रातल्या एका विचारवंताने १९६५ सालीच लिहून ठेवले होते. ते माझ्या टाचणांत नव्हते. त्या मुलाचा प्रश्न हा या शास्त्रातला सर्वांत कठीण प्रश्न आहे आणि मोठमोठे पंडित आजही त्यावर भांडतात, हे मला नंतर वाचनाने कळले. जे घडले नाही ते कशामुळे घडले नाही, हे सिद्ध कसे करणार? त्या मुलाला हे सांगायला मी विसरले नव्हते. मला लाज वाटली, म्हणून सांगितले नाही. आज तो कुठे आहे मला ठाऊक नाही. कोणी ओळखत असेल तर बाईंनी चूक कबूल केली एवढे त्याला कळवा.

माझी टाचणे जुनी झाली होती, तसे जगही एका जागी थांबले नव्हते. आज हा विषय शिकवणाऱ्यापुढे तीन नव्या अडचणी आहेत, असे मला वाटते.

पहिली, पारडी आता दोन राहिली नाहीत. आपण चीनकडे पाहून शस्त्र ठेवतो, पाकिस्तान आपल्याकडे पाहून ठेवतो, चीन अमेरिकेकडे पाहून वाढवतो. एकाने उंबरा उंच केला की सगळ्यांच्या घरात पाणी फिरते. २०२५ च्या आरंभी जगात सुमारे बारा हजार अण्वस्त्रे होती असा जाणकारांचा अंदाज होता. त्यांत भारत आणि पाकिस्तान यांची प्रत्येकी पावणेदोनशेच्या आसपास. बाकी बहुतेक सारी अमेरिका आणि रशिया यांची. त्या दोघांनी एकमेकांना घालून घेतलेली जी शेवटची मर्यादा होती, तैनात अस्त्रे प्रत्येकी १५५० हून अधिक नकोत अशी, त्या करारातला आपला सहभाग रशियाने २०२३ मध्ये थांबवला, आणि कराराची मुदतही फेब्रुवारी २०२६ पर्यंतचीच होती.

दुसरी अडचण, ज्याला धाक घालायचा त्याला पत्ता असावा लागतो. दहशतवाद्याला पत्ता नसतो. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामला २६ माणसे मारली गेली. ७ मे रोजी आपल्या सैन्याने प्रतिहल्ला केला आणि १० मे पर्यंत दोन्ही देशांत चकमक चालली. दोन्हीकडून ड्रोन आणि क्षेपणास्त्रे उडाली. ७ मे रोजीच देशभर नागरी संरक्षणाचा सराव ठरला होता, आणि आपल्या राज्यातल्या ठिकाणांच्या यादीत मुंबई आणि उरण यांच्या जोडीने तारापूरचे नाव होते. आपल्यापैकी कित्येकींची माणसे तिकडे कामाला आहेत. १९६९ सालापासून तिथे अणुवीज होते, आणि आपण ते केंद्र म्हणजे नोकरी, वीज किंवा गेलेली जमीन एवढ्यापुरतेच ओळखत होतो. पुढच्या दोन अणुभट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली, त्यांचे दुःख आपण ऐकले आहे. पण युद्धाच्या नकाशावर आपलेही एक गाव आहे, हे त्या दिवशी उमगले. युक्रेनमध्ये तर मार्च २०२२ मध्ये रशियाच्या सैन्याने युरोपातले सर्वांत मोठे अणुवीज केंद्रच ताब्यात घेतले. अणुकेंद्राभोवती तोफा चालतील, हे माझ्या जुन्या पुस्तकात कुठेच नव्हते.

तिसरी अडचण खोट्या निरोपाची. हेही आपल्याला नवे नाही. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला लोक हजारोंनी का जमले होते? गोदावरीबाई तिथे आहेत, त्यांच्या जिवाला धोका आहे, असा खोटा निरोप पाड्यापाड्यांवर फिरला म्हणून. तिथे गोळीबार झाला आणि जेठ्या गांगडसह पाच जण गेले. आज तोच निरोप हातातल्या मोबाइलवर क्षणात फिरतो, खोट्या चित्रासकट आणि खोट्या आवाजासकट. २०१८ च्या नोव्हेंबरापासून आपल्या डहाणू-तळासरीला भूकंपाचे धक्के बसू लागले, तेव्हाचे दिवस आठवा. आपण थंडीत अंगणात, तंबूत झोपत होतो. भीती एकदा अंगात मुरली की मोटार गेल्याने भांडे वाजले तरी आपण मुले उचलून बाहेर धावत होतो. राष्ट्रांचेही तसेच होते. २६ सप्टेंबर १९८३ रोजी रशियाच्या एका केंद्रात यंत्राने दाखवले, की अमेरिकेची पाच क्षेपणास्त्रे येत आहेत. स्तानिस्लाव पेत्रोव नावाचा अधिकारी पहाऱ्यावर होता. कोणी हल्ला करील तर पाचच कशी सोडील, असा त्याने विचार केला आणि यंत्र चुकले असे वर कळवले. ढगांवरच्या उन्हाची तिरीप यंत्राला क्षेपणास्त्र वाटली होती. आणि दूर कशाला जा? ९ मार्च २०२२ रोजी आपलेच एक क्षेपणास्त्र चुकून उडाले आणि पाकिस्तानात जाऊन पडले. त्यावर स्फोटक नव्हते, कोणी दगावले नाही, पलीकडच्यांनी उलट काही सोडले नाही. तीन अधिकाऱ्यांना पुढे नोकरीतून काढले. पेत्रोवला मिळाली होती तेवढी मिनिटे शेजारी देशांना मिळत नाहीत, आणि आता तर यंत्रानेच निर्णय घ्यावा असे म्हणणारेही निघाले आहेत. हे सगळे आज वर्गात शिकवायला हवे.

आता त्या टेंपोत मागे बसलेल्या माणसांकडे येते. १९८४ च्या उन्हाळ्यात कॅरल कोन नावाची एक अमेरिकन अध्यापिका अशाच एका अण्वस्त्र-अभ्यासवर्गाला गेली. शिकवणारे सारे पुरुष, सभ्य, विनोदी, हुशार. ती त्यांची भाषा शिकली. माणसे मरण्याला त्या भाषेत आनुषंगिक हानी म्हणत. तिने १९८७ मध्ये लिहिले, की ही भाषा येऊ लागताच तिला गंमत वाटू लागली आणि आपण मोठे झाल्यासारखे वाटू लागले. मात्र जे प्रश्न घेऊन ती गेली होती, ते त्या भाषेत विचारताच येईनात. त्या भाषेत शस्त्र कसे वाचेल यासाठी शब्द होते. माणूस कसा जळतो यासाठी नव्हते. मी हे वाचले आणि माझी टाचणे आठवली. त्यांत हिरोशिमाला एक ओळ होती.

त्या एका ओळीतली माणसे मात्र जिवंत होती. बॉम्बातून वाचलेल्या जपानी स्त्रीपुरुषांनी १९५६ साली आपली एक संघटना काढली आणि जन्मभर गावोगाव जाऊन आपल्या अंगावरचे व्रण दाखवत सांगितले, की पुन्हा नको. २०२४ चे शांततेचे नोबेल त्या संघटनेला मिळाले. म्हातारी माणसे बोलत राहिली, म्हणून बॉम्ब टाकणे ही लाजेची गोष्ट ठरली. ऐंशी वर्षे तो पुन्हा पडला नाही, यात या लाजेचा वाटा किती आणि धाकाचा किती, हे कोणी तोलून सांगू शकत नाही. पण वर्गात धाकाला वीस तासिका आणि लाजेला अर्धी, हे काही बरे नव्हे.

इथे कोणी म्हणेल, झरीत धाक मोडला, मग तोच उपाय इथे करा. सगळ्यांनी उठून नको म्हणा. मलाही तसे म्हणावेसे वाटते. पण प्रामाणिकपणे सांगते, दोन्ही धाक सारखे नाहीत. जमीनदाराचा धाक मोडला तेव्हा भिणारा मोकळा झाला. हा धाक अर्धवट मोडला, एकाने शस्त्र ठेवले आणि दुसऱ्याने नाही, तर जे होईल त्याची भीती आपल्या सैनिकांच्या आया जाणतात. म्हणून धाक आजच टाकून द्या असे मी म्हणत नाही. आणि त्याच्या भरवशावर निवांत झोपा असेही म्हणत नाही. आजारी माणसाला औषधाच्या गुंगीने झोप लागते. ती काही बरे झाल्याची झोप नव्हे. तेवढे ओळखणारी माणसे हवीत.

अशी माणसे आहेत, याची एक खूण सांगते. ३१ डिसेंबर १९८८ रोजी भारत आणि पाकिस्तान यांनी एक करार केला, की एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही. तो जानेवारी १९९१ मध्ये लागू झाला. त्याप्रमाणे १९९२ पासून दर १ जानेवारीस दोन्ही देश आपापल्या अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांना देतात. कारगिलनंतरही दिल्या, पुढे किती बोलणी तुटली तरी दिल्या. मधल्या काळात वकिलाती रिकाम्या झाल्या, गाड्या बंद झाल्या, खेळ बंद झाले. याद्यांचे पाकीट चुकले नाही. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी आपण इथे निजलेले असतो तेव्हा एक कारकून ते पाकीट नेऊन देतो, आणि त्यात तारापूरच्या आसपासच्या लेकुरवाळ्यांचाही जीव असतो. हा करार कोणी घडवला? धाकाच्या मर्यादा ज्यांनी शिकून घेतल्या होत्या, त्यांनीच.

आजी, तुमच्या प्रश्नाचे उत्तर आता देते. तुमची नात बॉम्ब करणार नाही आणि टाकणारही नाही. टेंपोत मागे बसलेल्यांना विचारले का, असे विचारायला ती जाणार आहे. आजवर त्या वर्गांत झरीकडचे कोणी फारसे बसले नसेल. वेठीच्या धाकात ज्यांची आजी-पणजी जगली, आणि तो मोडताना ज्यांनी पाहिला, त्यांच्या घरची मुलगी तिथे बसली तर प्राध्यापकांनाही चार गोष्टी नव्या कळतील. मुलीच्या जातीला हे जमेल का, असे तुम्ही म्हणाल. खडकवासल्याच्या प्रबोधिनीत २०२२ साली मुली प्रथम दाखल झाल्या आणि मे २०२५ मध्ये त्यांतल्या सतरा जणी शिकून बाहेर पडल्या. त्या शस्त्र धरतात. ही लेखणी धरील.

मुली, तुलाही दोन शब्द. तिथली भाषा नीट शीक, कारण ती आल्याशिवाय तुझे कोणी ऐकणार नाही. पण सुटीत घरी आलीस की तेच आजीला तिच्या बोलीत सांगून पाहा. जे तिला सांगता येणार नाही, ते तुला कळलेले नाही असे समज. आणि कोणी "हे परीक्षेत विचारत नाहीत" म्हणून खाली बसवले, तर बसू नकोस.

मंडळाला माझी एकच विनंती आहे. पुण्याचा वसतिगृहाचा आणि पुस्तकांचा खर्च तिच्या घरच्यांना एकदम झेपणारा नाही. यंदाच्या वर्धापनदिनाच्या शिल्लकेतून पहिल्या सहामाहीचा भार मंडळाने उचलावा, असा ठराव मी मांडते. माझा वाटा मी चिटणीसबाईंजवळ आधीच दिला आहे. परतफेड पैशात नको. दर दिवाळीत तिने इथे, याच जागी उभे राहून, त्या वर्षी काय शिकली ते आपल्याला तासभर सांगावे. म्हणजे पुढच्या वेळी गिरणीवर कोणी प्रश्न विचारला, तर दळण होईपर्यंत उत्तर देणाऱ्या आपण पाच-पन्नास जणी तरी असू.